एकाच यकृताचे दोन भाग

माझ्या यकृताचा उजवा भाग आज माझ्या थोरल्या भावाच्या पोटात काम करतो आणि डावा भाग माझ्याजवळ राहिला आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन्ही भागांचा रक्तपुरवठा थांबवला गेला आणि पुन्हा सुरू केला गेला, पण तो एकाच प्रकारे नव्हे. माझ्याकडे उरलेल्या भागाचा रक्तप्रवाह शरीराच्या उबेतच, थोड्या थोड्या वेळासाठी, अनेकदा अडवला गेला. दादाकडे गेलेल्या भागाने हे सगळे तर सोसलेच, शिवाय त्यानंतर तो शरीराबाहेर बर्फात, रक्ताच्या एका थेंबाविना पडून राहिला आणि मग एका परक्या शरीरातले रक्त त्यात सोडले गेले. मी डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे दोघांच्या फायली हाती आल्यावर एकाच ऊतीच्या या दोन प्रवासांची तुलना केल्यावाचून मला राहवले नाही. अवयवदानावर भावनेने लिहिलेले बरेच वाचायला मिळते. त्या ऊतीचे नेमके काय होते यावर मराठीत फारसे माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दादाचा आजार थोडक्यात सांगते. यकृतात वर्षानुवर्षे साचलेली चरबी, तिच्या जोडीला मधुमेह, आणि त्यातून झालेला सिरोसिस, म्हणजे व्रणांनी कडक झालेले यकृत. तो आयुष्यात कधी दारूला शिवला नाही, तरी गोव्यातला माणूस यकृताने आजारी पडला म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. वहिनीला त्याचा फार मनस्ताप झाला. पोटात पाणी साचू लागले आणि एकदा रक्ताची उलटी झाली, तेव्हा प्रत्यारोपणाचा विषय निघाला. आमचा रक्तगट जुळत होता, आणि १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे सख्खी बहीण जवळच्या नातेवाइकांत मोडते. शस्त्रक्रिया मुंबईतल्या एका रुग्णालयात झाली; तिच्या आधीची तयारी आणि नंतरचा सगळा काळ मात्र इथेच, गोव्यात गेला.

त्या तयारीतच मला या विषयाचा पहिला धडा मिळाला. सीटी स्कॅनमध्ये यकृताची घनता प्लीहेपेक्षा जेवढी जास्त असायला हवी तेवढी भरली नाही. याचा अर्थ माझ्याही यकृतात थोडी चरबी होती. सर्जननी वजन उतरवून पुन्हा तपासणीला यायला सांगितले. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली होती. घरात नेवऱ्या तळल्या जात होत्या आणि मी नारळाच्या रसाचे हुमण बाजूला सारून भाजी आणि मूठभर भात खात होते. मला वाटले होते की चरबीची अडचण भूल देण्यात किंवा कापण्यात येत असावी. सर्जननी खरे कारण सांगितले, ते रक्ताच्या थांबण्याशी आणि परतण्याशी निगडित होते. चरबीने फुगलेल्या यकृतपेशी शेजारच्या बारीक रक्तवाटांवर, म्हणजे सायनुसॉइडवर, दाब टाकतात. त्यामुळे अशा यकृतात रक्त आधीच मंद वाहत असते. त्या पेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे घटक, ऊर्जेचा साठा नीट राखू शकत नाहीत, आणि रक्त परतल्यावर जी रासायनिक आग लागते तिला इंधन म्हणून ही चरबीच हाताशी असते. निरोगी यकृत रक्तप्रवाहातला जो खंड सहज पचवते, तो चरबीयुक्त यकृताला झेपत नाही. हे कळल्यावर मी भातावर आणखी एक डावसुद्धा वाढून घेतला नाही. चरबी यकृतातून बऱ्यापैकी लवकर उतरते. काही आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये मी पात्र ठरले.

यकृताला रक्त दोन वाटांनी येते आणि पुढचे सगळे या रचनेवर अवलंबून आहे. सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येते. ते अन्नरसाने समृद्ध, पण ऑक्सिजनाने थोडे उणे असते. उरलेले पाव भाग रक्त यकृत धमनीतून येते आणि ते ऑक्सिजनाने भरलेले असते, म्हणून ऑक्सिजनाचा जवळपास निम्मा वाटा तीच उचलते. या दोन्ही वाहिन्या आणि पित्तनलिका एकाच जुडीत यकृतात शिरतात. ही जुडी दाबली की दोन्ही वाटा एकदम बंद होतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये, अपघातात फाटलेल्या यकृताचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ती जुडी बोटांच्या चिमटीत धरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आजही यकृत कापताना रक्त फार जाऊ नये म्हणून तीच युक्ती त्यांच्याच नावाने वापरतात, फक्त बोटांच्या जागी पट्टी किंवा क्लॅम्प असतो. दात्याच्या शस्त्रक्रियेत ती वापरावी की नाही यावर सर्जनांमध्ये मतभेद आहेत. आमचे सर्जन वापरणाऱ्यांपैकी होते आणि त्यांनी ते आधीच सांगितले होते.

रक्त थांबले की ऊतीत काय घडते, हे मी वर्गात अर्ध्या तासात शिकवत आले आहे. आता तेच स्वतःच्या पोटात घडणार म्हटल्यावर ते नव्याने वाचावे लागले. ऑक्सिजन संपताच मायटोकाँड्रियामधील इलेक्ट्रॉनांची साखळी ठप्प होते आणि एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, झपाट्याने घटते. पेशीच्या आवरणातील सोडियम बाहेर फेकणारे पंप एटीपीवर चालतात. ते थकले की सोडियम आत साचते, त्याच्या मागोमाग पाणी येते आणि पेशी सुजतात. कॅल्शियमही आत वाढते. पेशी ऑक्सिजनाविना ग्लुकोज जाळू लागते, लॅक्टेट साचते आणि आम्लता वाढते. गमतीची गोष्ट अशी की ही आम्लता वाटते तितकी वाईट नसते. आम्ल वातावरणात पेशीतील अनेक विध्वंसक विकरे निपचित राहतात, आणि मायटोकाँड्रियाच्या पडद्यातले एक धोकादायक छिद्रही त्या काळात बंद राहते. म्हणजे उपाशी पेशी एका अर्थाने स्वतःला गोठवून घेते. ही टंचाईही यकृतात सगळीकडे सारखी नसते. रक्त ज्या बाजूने शिरते तिथल्या पेशींना आधी ऑक्सिजन मिळतो. मध्यवर्ती शिरेलगतच्या पेशींच्या वाट्याला उरलेसुरले येते. साहजिकच पहिला फटकाही त्या मध्यवर्ती पट्ट्यालाच बसतो.

खरे नुकसान मात्र बहुतांशी रक्त परतल्यावर होते, आणि हीच गोष्ट घरच्यांच्या गळी उतरवताना माझी सर्वांत जास्त दमछाक झाली. आईचे म्हणणे साधे होते: श्वास कोंडला होता, तो मोकळा झाला, आता कसली भीती? पण ऑक्सिजन नसताना मायटोकाँड्रियात सक्सिनेट नावाचे संयुग साचत जाते. ऑक्सिजन परतताच ते भराभर जळू लागते, इलेक्ट्रॉनांचा लोंढा साखळीत उलटा फिरतो आणि त्यातून ऑक्सिजनाचे अतिशय दाहक मूलक (फ्री रॅडिकल) बाहेर पडतात. सक्सिनेटची ही भूमिका २०१४ मध्ये प्रयोगांनी दाखवली गेली. त्याआधी बोट प्रामुख्याने झँथिन ऑक्सिडेज या विकराकडे दाखवले जाई. त्याच वेळी ताजे रक्त साचलेले आम्ल धुऊन नेते, सामू पूर्वपदावर येतो, आणि आम्लतेने झाकून ठेवलेले ते छिद्र उघडते. मायटोकाँड्रिया फुगतात, फुटतात आणि उपाशीपणातून तगलेली पेशी घास मिळताच मरते.

त्यापुढचा अंक पेशीबाहेर घडतो. सायनुसॉइडच्या भिंतींना चिकटून कुप्फर पेशी पहारा देत असतात. आतड्यातून आलेले जंतू गिळणे हे त्यांचे रोजचे काम. रक्त परतल्यावर पहिल्या दोनेक तासांत याच पेशी खवळतात, स्वतः दाहक मूलके सोडतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन यांसारखे संकेत रक्तात ओततात. ती हाक ऐकून पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल येतात; त्यांचा जोर काही तासांनी सुरू होतो आणि दिवसभर किंवा त्याहून अधिक टिकतो. दरम्यान वाहिन्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, आवळणारे एंडोथेलिन वाढते, भिंतींच्या पेशी सुजतात, बिंबाणू चिकटतात, आणि मुख्य वाट उघडूनही काही गल्ल्यांत रक्त पोहोचतच नाही. शिवाय जुडी दाबलेली असताना आतड्यांकडचे रक्त मागे तुंबलेले असते. क्लॅम्प काढताच तेही आपल्या साऱ्या गाळासकट यकृतावर येते. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, मानशीचे (पाणी अडवणाऱ्या झडपेचे) दार भरतीच्या वेळी एकदम उघडले तर बांधाची काय गत होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आईला शेवटी पटले ते यामुळेच. तिचे माहेर खाजन शेतीवर जगणारे.

म्हणूनच दार थोडे थोडे उघडायचे. आमच्या सर्जनांची पद्धत १५ मिनिटे बंद, ५ मिनिटे मोकळे अशी होती, आणि ही जगभर रूढ पद्धत आहे. वरवर पाहता ती तर्काच्या विरुद्ध वाटते, कारण रक्त परतणे हेच घातक असेल तर ते पुन्हा पुन्हा का परतवायचे? पण प्रत्येक खंड लहान असल्याने सक्सिनेट, कॅल्शियम, सूज यांपैकी काहीच टोकाला जात नाही, आणि मधल्या मिनिटांत एटीपी थोडे सावरते. पॅरिसजवळच्या क्लिशी येथील जाक बेल्गिती यांच्या गटाने १९९९ मध्ये सलग आणि टप्प्याटप्प्याने रक्त अडवणे यांची रुग्णांवर तुलना केली. टप्प्यांच्या पद्धतीत कापताना रक्त अधिक गेले, पण यकृताने ते अधिक चांगले सोसले, विशेषतः ज्यांचे यकृत आधीच आजारी होते त्यांच्या बाबतीत. याच्या मुळाशी एक जुने निरीक्षणही आहे. १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांत असे दिसले की आधी पाच-पाच मिनिटांचे चार छोटे खंड दिले, तर पुढच्या मोठ्या खंडात मरणारा स्नायू बराच कमी होतो. ऊती छोट्या संकटातून काहीतरी शिकते आणि मोठ्यासाठी तयार राहते. यकृतातही हे घडते असे पुढे दिसले, पण दरवेळी आणि सर्वांत सारखे नाही. म्हणून मला ते एखाद्या चमत्कारासारखे सांगणे पसंत नाही.

शस्त्रक्रियेत मी अर्थातच बेशुद्ध होते. पुढचे सारे शस्त्रक्रियेच्या आणि भुलीच्या नोंदींवरून, आणि वॉर्डातल्या एका मराठी निवासी डॉक्टरांनी माझ्या प्रश्नांना न कंटाळता दिलेल्या उत्तरांवरून लिहिते. क्लॅम्प लावल्यावर यकृताचा तांबूस तपकिरी रंग काळपट, मलूल होतो आणि सोडल्यावर काही क्षणांत लाली परतते, ते डॉक्टर म्हणाले. कापण्याच्या काळात सायनुसॉइडमधून उलट दिशेने रक्त झिरपू नये म्हणून भूलतज्ज्ञांनी मला शिरेवाटे द्रव फार बेताने दिले होते. शिरांतला दाब कमी राहिला की कापलेल्या पृष्ठभागातून रक्त कमी येते. भाग पुरता वेगळा झाल्यावर शेवटी त्याच्या वाहिन्या कापल्या गेल्या. त्या क्षणापासून त्या भागाचे घड्याळ माझ्यापासून वेगळे चालू लागले.

बाहेर काढताच त्याच्या पोर्टल शिरेत नळी घालून थंडगार जतनद्रव सोडला गेला, आणि दुसऱ्या टोकातून येणारा द्रव स्वच्छ होईपर्यंत माझे रक्त धुऊन काढले गेले. मग तो बर्फाने वेढलेल्या भांड्यात, सुमारे ४ अंश सेल्सियसला ठेवला गेला. तापमान दर १० अंशांनी उतरले की पेशीचा खर्च साधारण निम्मा होतो. ४ अंशांवर तो दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. खर्च कमी होतो, पण शून्य होत नाही, त्यामुळे थंडीतही एटीपी संपतच असते. थंडीचे नुकसान वेगळ्या जागी होते हे मला नवीन होते. उबेतल्या खंडात मुख्यतः यकृतपेशी मरतात; थंडीत मात्र सायनुसॉइडची आतली अस्तरपेशी आधी ढासळते, गोल होऊन भिंतीपासून सुटते, आणि रक्त येताच तिथे बिंबाणू आणि पांढऱ्या पेशी चिकटतात. मृत दात्याचे यकृत कित्येक तास असे थंडीत काढते. जिवंत दात्याच्या बाबतीत शेजारच्याच शस्त्रक्रियागृहात न्यायचे असल्याने हा काळ बराच आटोपशीर असतो. माझ्या मते जिवंत दात्याच्या यकृताचा हा मोठा फायदा आहे. तुकडा लहान असतो, पण ताजा असतो.

दादाच्या पोटात आधी यकृताची बाहेर जाणारी शीर जोडली गेली, मग पोर्टल शीर, आणि लगेच क्लॅम्प काढले गेले. धमनी जोडण्याचे नाजूक काम त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली झाले. क्लॅम्प निघण्याआधी आतला जतनद्रव धुऊन टाकण्यात आला होता, कारण काही जतनद्रवांत पोटॅशियम फार असते आणि ते थेट हृदयाकडे गेले तर ठोके बिघडतात. तरीही रक्त वाहू लागताच दादाचा रक्तदाब घसरला. थंड, आम्लयुक्त, दाहक पदार्थांनी भरलेले रक्त नव्या यकृतातून एकदम हृदयात शिरते तेव्हा असे अनेकदा होते. भूलतज्ज्ञ त्या क्षणासाठी औषधे भरून तयारच उभे असतात. भुलीच्या तक्त्यातली ती खाली गेलेली आणि मग सावरलेली रेषा मी बराच वेळ पाहत होते. पुढच्या ओळीत लॅक्टेट उतरू लागल्याची नोंद होती आणि त्याखाली इंग्रजीत, घाईच्या अक्षरात, पित्त सुरू झाल्याचे लिहिले होते. उतरणारे लॅक्टेट आणि सोनेरी पित्त, या दोन गोष्टी यकृत कामाला लागल्याची पहिली खूण मानतात.

त्यानंतरचे दिवस रक्ताच्या अहवालांचे. माझी एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची विकरे पहिल्याच अहवालात काही शेकड्यांवर पोहोचली होती, दादाची त्याहून बरीच वर. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर आकडे टाकले की म्हापशाहून, फोंड्याहून काळजीचे फोन येत. ही विकरे यकृतपेशींच्या पोटात असतात. पेशी फुटल्या किंवा गळू लागल्या की ती रक्तात येतात. म्हणजे तो आकडा काल काय झाले ते सांगतो, उद्या यकृत काय करील ते सांगत नाही. यकृताच्या कर्तृत्वाची परीक्षा आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे मोजमाप) आणि बिलिरुबिनमध्ये (यकृत पित्तातून बाहेर टाकते ते पिवळे द्रव्य) होते. प्रत्यारोपणानंतर नव्या यकृताचे काम सुरुवातीलाच बिघडले असे कधी म्हणायचे, याचे २०१० पासून वापरात असलेले निकष आहेत: सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा अधिक, आयएनआर १.६ किंवा अधिक, अथवा पहिल्या सात दिवसांत ही विकरे २००० च्या वर. दादा तिन्हींतून सुटला. दोघांचे आलेख पहिल्या एक-दोन दिवसांत शिखर गाठून उतरले, आणि दोन्हींत एसजीओटी आधी उतरले, एसजीपीटी मागून. एसजीओटीचे रक्तातले आयुष्य कमी असल्याने हे अपेक्षितच होते. माझे आयएनआर मात्र दादाच्या आधी सावरले. माझा भाग आकाराने लहान होता, पण त्याच्या वाट्याला थंडी आली नव्हती आणि त्याला आपलेच रक्त मिळत होते.

याच काळात माझे फॉस्फरस एकदम खाली गेले आणि ते शिरेवाटे द्यावे लागले. मी घाबरले, तर निवासी डॉक्टर म्हणाले, “ताई, हे चांगले लक्षण समजा, यकृत वाढायला लागले आहे.” एकतृतीयांशाहून थोड्याच मोठ्या उरलेल्या भागात पोर्टल शिरेचे सगळे रक्त वळते, सायनुसॉइडच्या भिंतींवर त्याचा ताण वाढतो, आणि पुनर्निर्मितीच्या संकेतांपैकी हा एक मोठा संकेत आहे. दुसरे संकेत देणाऱ्या त्याच कुप्फर पेशी, आणि संकेतही तेच, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६. ज्या दाहाला आपण सरसकट शत्रू ठरवतो त्याच्यावाचून यकृत वाढतही नाही. दाह पूर्ण दडपणारे औषध शोधण्याचे अनेक प्रयत्न प्राण्यांत यशस्वी ठरूनही माणसांत रुजले नाहीत, त्याचे एक कारण मला यात दिसते.

गोव्यात परतल्यावर माझा प्रश्न लवकरच मिटला. पुढच्या सीटीत डावा भाग इतका फुगला होता की तो पोटाच्या मधोमध सरकून उजवीकडची रिकामी जागाही थोडी व्यापत होता. त्याला पूर्वीचा आकार येत नाही; घनफळ येते. दादाचे रक्त म्हापशाच्या प्रयोगशाळेत टॅक्रोलिमस या, शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाच्या पातळीसाठी नियमित जाऊ लागले आणि काही महिने सगळे सुरळीत होते. मग एसजीपीटी शांत असतानाच त्याचे अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी, म्हणजे पित्तमार्गातली अडचण दाखवणारे आकडे, चढू लागले, आणि अंगाला खाज सुटली.

हीसुद्धा रक्तप्रवाहाचीच गोष्ट निघाली. यकृतपेशींना रक्ताच्या दोन वाटा आहेत, पण पित्तनलिकांना जवळजवळ एकट्या धमनीवर जगावे लागते. दादाच्या पोटात पोर्टल रक्त आधी सुरू झाले होते. धमनी जोडली जाईपर्यंत नलिका उपाशीच होत्या, आणि कापलेल्या टोकाकडे रक्त नेणाऱ्या अतिबारीक वाहिन्या कितीही जपले तरी काही प्रमाणात तुटतातच. जोडाच्या जागी व्रण धरून नलिका अरुंद झाली होती. जिवंत दात्याकडून झालेल्या प्रत्यारोपणांत ही अडचण पुष्कळ आढळते, हे आम्हाला संमतिपत्रावर सही घेतानाच सांगितले होते. एंडोस्कोपीने नलिकेत स्टेंट बसवला, खाज गेली, आकडे उतरले. स्टेंट दर काही महिन्यांनी बदलावा लागतो आणि अरुंद जागा रुंद होऊन टिकेपर्यंत हे चालू राहते. पुढची तारीख चतुर्थीनंतरची आहे; दादाने ती मागूनच घेतली.